डोळ्यांना लिपी नसते

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला मुंबईच्या एका जुन्या गव्हर्नराचे नाव आहे. १९५६ साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. २०१४ साली शहर कागदोपत्री हुब्बळ्ळी झाले. रस्त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी तेच राहिले.

याच रस्त्यावर आईचे आधार काढले. जन्मभर भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. ठसे नीट उमटेनात. मग डोळ्यांपुढे यंत्र धरले आणि बुबुळांची नक्षी क्षणात टिपली गेली.

ओळखीसाठी ठसा घेण्याची रीत आपल्याकडे जुनी. १८५८ साली बंगालमधील जंगीपूरला विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या करारावर पंजाचा ठसा घेतला होता. बुबुळाच्या नक्षीवरून माणूस ओळखण्याचे गणित केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बसविले. त्याचे पेटंट १९९४ चे. ही नक्षी गर्भातच घडते. जुळ्यांची सारखी नसते. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचीही नसते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना देशातील पहिला आधार क्रमांक मिळाला, तेव्हापासून ही विद्या खेड्यापाड्यांत पोहोचली.

आईचे आधारपत्र आले. आमच्या आडनावातला 'ळ' कन्नडने जसाच्या तसा जपला होता; इंग्रजीत त्याचा 'ल' झाला होता. डोळा एवढेच सांगतो, की ही बाई तीच. ती कोण, कुणाची, हे अक्षरांनाच सांगावे लागते. म्हणून मुलांचे दाखले तपासताना मी आता तिन्ही लिप्यांतील नावे वाचतो, मगच सही करतो.