शेवटच्या दीड मीटरचा दावा

चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घरी आले की पुढचा सल्ला ठरलेला असतो : जाड पॉवर केबल आणि पॉवर कंडिशनर घ्या, त्याशिवाय गाणे खुलणार नाही. हा पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. वीज हा ध्वनीचा कच्चा माल आहे. अॅम्प्लिफायर तीच घडवून स्पीकरला देतो. फ्रिज, इन्व्हर्टर, एलईडी दिवे तिच्यात गढूळपणा आणतात. दीड मीटरची केबल आपल्याला शेवटची वाटते, पण अॅम्प्लिफायरच्या बाजूने पाहिल्यास तीच पहिली. आणि जाणकार कानांना फरक ऐकू येतो.

कच्च्या मालाचे म्हणणे मला मान्य आहे. पण ‘पहिली केबल’ हा युक्तिवाद टिकत नाही. एकसर जोडणीत सर्वत्र प्रवाह सारखाच असतो आणि रोधांची फक्त बेरीज होते. कोणता आधी, कोणता नंतर, याला अर्थ नाही. एक साधे घर धरा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 12 मिलिओहम. दीड मीटरच्या केबलमध्ये जाणारी-येणारी तार मिळून 36 मिलिओहम. भिंतीतली वायरिंग 20 मीटर धरली तर 480. दोन अँपिअरला केबलमध्ये 0.07 व्होल्ट पडतो, भिंतीत जवळजवळ 1 व्होल्ट. संगीताच्या आघातात प्रवाह पाचपट झाला तरी प्रमाण तेच राहते. त्यापलीकडे मीटर आहे, सर्व्हिस वायर आहे, चौकातली डीपी आहे. 1956 च्या वीज नियमांनी 230 व्होल्टवर 6 टक्के, म्हणजे जवळपास 14 व्होल्ट, चढउतार मान्य केला होता. त्यात केबलने वाचवलेला व्होल्टचा अंश कुठे शोधायचा?

शिवाय स्पीकरला भिंतीतली वीज थेट जातच नाही. ती ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, रेक्टिफायरमध्ये एकदिश होते, मोठे कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरते. सूर त्या साठ्यातून निघतो.

राहिला कान. मी कानाला कमी लेखत नाही. गायिका किशोरीताई आमोणकरांच्या एका मिंडीसाठी रात्र जागणाऱ्याला ते शक्यही नाही. म्हणूनच कानाची साक्ष नीट घ्यावी. घरच्या कुणाला पडद्याआड केबल बदलायला सांगा. कोणती लावली हे तुम्हाला कळू नये, आवाजाची पातळी हलू नये. वीस वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे 2 टक्के असते. तेवढे जमले तर मी दावा मागे घेईन. डोळ्यांदेखत केबल बदलून दिलेली साक्ष कोणता न्यायाधीश मानेल?

कंडिशनरचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि वेरूळजवळच्या आपल्या शहरात तर फारच. त्यातला फिल्टर गोंगाटाचा एक भाग कपॅसिटरमार्फत अर्थिंगमध्ये सोडतो. म्हणजे त्याचे ते काम अर्थिंगवर उभे आहे. आपल्या पायाखाली वेरूळचे कैलास लेणे ज्या खडकात कोरले तोच बेसाल्ट आहे. अनेक ठिकाणी त्यावर मातीचा थर पातळ असतो, आणि मे महिन्यात तोही कोरडा पडतो. सुकलेली जमीन वीज नीट वाहू देत नाही. अर्थिंग तुटले असेल तर फिल्टरचे तेच कपॅसिटर पेटीच्या धातूवर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज आणून ठेवतात. बोटाला झिणझिण्या येतात, स्पीकरमध्ये घरघर उतरू शकते. शुद्धीकरणासाठी घेतलेले यंत्रच मग दोषाचे दार होते.

संरक्षणाचे मोल मी नाकारत नाही. न्यूट्रल तुटला तर घरात 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. विजा कडाडतात तेव्हा सर्ज येतो. त्यासाठी चांगला स्टॅबिलायझर, सर्ज संरक्षण आणि जास्त दाबाला पुरवठा तोडणारे साधन जरूर लावा. ते यंत्र वाचवतात. सूर गोड करण्याचा दावा त्यांच्या नावावर कशाला?

केबलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी जाणकार इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंगचा खड्डा उघडून बघा, त्यात पाणी ओता, सैल झालेली जोडणी घट्ट करून घ्या. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजून घ्या, तोही भर उन्हाळ्यात, दुपारी, शेजारचे कूलर चालू असताना.