लदेणीपासून पेरणीपर्यंत

अमेरिकेतील गवताळ मैदानांवर गहू पिकविणाऱ्या परदेशी वसाहतकारांचा इतिहास वाचू लागलो की मला आमच्या मेहकर-लोणारकडील बंजारा तांडे आठवतात. तिकडे 1862 साली कायदा झाला. पाच वर्षे जमिनीवर राहून जो ती कसील, त्याला 160 एकर. रेल्वे कंपन्यांनीही आपल्या वाट्याच्या जमिनी खपविण्यासाठी युरोपात दलाल धाडले. 1874 साली दक्षिण रशियातून मेनोनाइट पंथाची कुटुंबे कॅन्ससात उतरली, ती तांबड्या हिवाळी गव्हाचे बियाणे बरोबर घेऊनच. आगगाडीने माणसे आणली आणि जमिनीवर बसविली. (त्या जमिनीवर आधी कोण राहत होते, हे जुने ग्रंथकार फार थोडक्यात उरकतात.)

त्याच सुमारास आमच्या वऱ्हाडातही आगगाडी आली. पण तिची करणी उलटी.

बंजाऱ्याला गहू काही नवा नव्हता. मात्र तो त्याच्या बैलाच्या पाठीवर असे, शेतात नसे. इकडचे धान्य नि कापूस किनाऱ्याकडे न्यायचा आणि येताना मीठ आणायचे, ही त्याची लदेणी. कंठाळी लादलेले शेकडो बैल, बरोबर बायकापोरे आणि सर्वांवर नायकाचा शब्द. पावसाळ्यात चारापाणी पाहून मुक्काम पडे, तोच तांडा. 1803 साली असई, अडगाव आणि गाविलगड जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या पोटाची मोठी भिस्त ह्याच लोकांवर होती. त्या लढाया आम्ही मास्तर लोक सनावळीसह घोकून घेतो. फौजेला दाणा कोणी पोचविला, हे परीक्षेत कोणी विचारीत नाही.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला. 1867 पर्यंत लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला भिडला, आणि 1870 साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. लदेणीचा कणाच मोडला. त्यातच 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि फिरता माणूस म्हणजे संशयित, ही नजर सरकारी दप्तरात पक्की झाली. तो कायदा जाऊन तिच्यावरील शिक्का पुसायला 1952 साल उजाडले.

तेव्हा बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पण बसावे कोठे? पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, आणि घाटावरचीही सखल, भारी जमीन आधीच कुणब्यांच्या वहितीत होती. 1860 नंतरच्या मोजणीने तिला नंबर पडले होते. तांड्यांच्या वाट्याला बहुधा आली ती टेकड्यांची, रानाच्या कडेची मुरमाड बरड. आणि गहू हे तर मानी पीक! ओलिताशिवाय तो घ्यायचा, तर पावसाळ्याची ओल शिमग्यापर्यंत पोटात धरणारी खोल काळी माती हवी. बरडात ती ओल टिकत नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या गव्हाची पोती वाहणाऱ्यांनी भाकरीच खाल्ली, तीही पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतावर राबून. ज्या बैलाची पाठ ओझ्याला सरावलेली, त्याच्या मानेवर जू ठेवायला शिकणे, एवढेच काय ते त्यांच्या हाती होते. ह्या शिकण्याचा वृत्तांत कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि कादंबरीकार म्हणून मला त्याचीच हळहळ फार वाटते.

अपवाद आहेत, आणि ते थोर आहेत. पुसदजवळच्या गहुली ह्या तांड्यात 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि शेती हाच त्यांचा ध्यास. गहुली हे नाव कशावरून पडले, त्याची चर्चा पंडितांनी करावी. माझ्या कानाला त्यात गहू ऐकू येतो.

आमच्याकडील पुष्कळ तांड्यांत मात्र गव्हाची पेरणी तोंडावर येते, तेव्हाच ऊसतोडीची उचल घेतलेली बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, आणि हजेरी घेताना मला काही नावे नुसतीच वाचून पुढे जावे लागते. ती मुले परततात, तेव्हा गव्हाची मळणीही होऊन गेलेली असते.