दुहेरी अक्षरांचा हाली रुपया

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत अजूनही एखाद्या गाठोड्यात, देव्हाऱ्यात किंवा माळेत हाली रुपया आढळतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचा हाली सिक्का व इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये येथे शेजारी नांदत. सहा कलदारांना सात हाली असा भाव असे. म्हणजे शंभर कलदारांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै मोजावे लागत. हा हिशेब तोंडी करणारी पिढी आता जवळजवळ सरली. १९५९ साली हाली चलन कायमचे बाद झाले, नाणी मात्र घरोघर राहिली.

असाच एक रुपया आमचा एक विद्यार्थी रुमालात बांधून घेऊन आला. रुपया त्याच्या आजीचा. मधोमध चारमिनार, त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर. ते उस्मान या नावाचे आद्याक्षर, म्हणजे रुपया सातव्या निजामाचा, मीर उस्मान अली खान यांचा. (आधीच्या महबूब अली खान यांच्या नाण्यांवर त्याच जागी ‘मीम’ असे.) परंतु कडेची फारसी अक्षरे दुहेरी दिसत होती, जणू प्रत्येकाची सावली शेजारी उमटली होती. त्याने मोबाईलवर छायाचित्र कुठेतरी पाठवले होते. पलीकडून फोन आला : हे ‘डबल डाय’ नाणे, लाखांत जाईल, आधी नोंदणीची रक्कम भरा. आई-वडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून घरात जे उरले होते, ते या नोंदणीत घालावे की नाही, एवढेच त्याला आम्हाला विचारायचे होते.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. नाणेशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही प्रश्न ऐकताच तो ओळखीचा वाटला, कारण पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही दरवर्षी तोच शिकवतो. गोदावरीपलीकडे पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढेही मुळात तोच प्रश्न होता : समोरची चूक मूळ प्रतीतून खाली आली आहे, की एका लेखनिकाचा हात एका संध्याकाळी चळला, म्हणून घडली आहे? पहिली चूक त्या प्रतीवरून उतरलेल्या प्रत्येक पोथीत सापडते. दुसरी त्या एकाच पोथीत राहते.

नाण्यांचेही असेच आहे. यंत्रावर नाणी पाडणाऱ्या टाकसाळीत आधी उठावाचा ठसा तयार होतो. तो पोलादावर दाबून खोल अक्षरांचा साचा काढतात आणि त्या साच्याखाली नाणी पडतात. जुन्या पद्धतीत एका दाबात साचा पुरेसा खोल होत नसे. दाबाने पोलाद कठीण होई, ते तापवून मऊ करावे लागे आणि ठसा पुन्हा दाबावा लागे. या दुसऱ्या खेपेस ठसा केसभर फिरला, तर साच्यातच दोन प्रतिमा कोरल्या जात. हा खरा दुहेरी साचा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया टाकसाळीत १९५५ साली असे घडले आणि त्या एक सेंटाच्या नाण्यांपैकी वीस-चोवीस हजार बाजारात गेली. त्यांवर कडेची अक्षरे व साल स्पष्ट दुहेरी, मधला लिंकन मात्र जवळजवळ एकेरी; कारण ठसा मध्याभोवती फिरला होता. त्या सर्व नाण्यांवर दुहेरीपणा त्याच जागी आणि तेवढाच आहे. मोल आहे ते या सारखेपणाला.

दुसरा प्रकार यांत्रिक. साचा निर्दोष असतो, पण यंत्रात तो सैल बसलेला असतो. नाणे पडल्याबरोबर तो किंचित हलतो किंवा उसळतो आणि नुकत्याच उठलेल्या ताज्या अक्षरांची कड खरवडतो. हे किती होईल आणि कोणत्या दिशेने होईल, ते प्रत्येक ठोक्याला वेगळे. म्हणून असे प्रत्येक नाणे एकमेव असते, आणि तरीही संग्राहक त्याला फारसे मोल देत नाहीत. एकमेवतेची एवढी उपेक्षा आम्ही दुसऱ्या कोणत्या छंदात पाहिलेली नाही.

शिवराईची गोष्ट आणखी निराळी. ती हातोड्याने पाडलेली. तिच्यावर ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे कधी दोनदा दिसतात, ती नाण्यावर दोन ठोके बसल्यामुळे. ‘दुदांडी’ शिवराईत तर काही चूकच नाही. त्या दोन रेघा मुद्दाम घातलेल्या आहेत.

मग आम्ही भिंग घेतले आणि खिडकीशी बसलो. खऱ्या दुहेरी साच्यात दुसरी प्रतिमाही गोलसर, उठावदार असते. अक्षर जाड होते आणि रेषेच्या टोकाशी बारीक खाच पडते. यांत्रिक प्रकारात शेजारची ‘सावली’ सपाट, चकचकीत, पायरीसारखी खाली बसलेली असते, आणि ती मूळ अक्षरातूनच कापलेली असल्याने अक्षर उलट बारीक होते. फारसी लिपीत नुक्ते आहेत ही मोठीच सोय. साचा दुहेरी असता, तर प्रत्येक नुक्ता लांबट किंवा जोडीने दिसला असता. या रुपयावर नुक्ते एकेकटेच होते, फक्त एका अंगाने तासलेले. सगळ्या पायऱ्याही एकाच दिशेला. आजीच्या गाठोड्यातून त्याच हिजरी सालाचा दुसरा रुपया मागवून शेजारी ठेवला. त्याची अक्षरे स्वच्छ होती. साचे अनेक असतात, तेव्हा एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण नुक्त्यांनी आधीच साक्ष दिली होती.

विद्यार्थ्याला आम्ही आणखी एक गोष्ट दाखवली. जुनी नाणी-नोटा विकून देतो असे सांगून आपल्या नावाने शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडून शुल्क घेत नाही, असे त्यात बँकेने म्हटले आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, आजीला तुम्हीच सांगा.”

आजीला सांगण्याचे धाडस करायला आम्हाला दोन दिवस लागले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी रुपया खोटा न्हाई ना?”

“रुपया अगदी खरा आहे, आजी. चांदीचा आहे. आठ-दहा आण्यांहून जास्त चांदी आहे त्यात.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणून त्यांनी तो पुन्हा रुमालात बांधला. त्या फोनवाल्याचा क्रमांक नातवाने त्यांच्यादेखतच काढून टाकला.