मागे घेतलेला खेळ

‘व्हिडिओ गेमला कसला आलाय इतिहास?’ असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. ‘स्टार फॉक्स २’ची हकिकत तेवढी त्यांना सांगतो.

क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने १९९३ साली ‘स्टार फॉक्स’ काढला. कॅसेटमध्येच बसवलेली ‘सुपर एफएक्स’ नावाची चिप त्रिमिती आकृत्यांचे गणित करी, आणि आपल्या कोल्होबांचे विमान पडद्यात खोल शिरल्याचा भास होई. मग दुसरा भाग करावयास घेतला. मुख्य प्रोग्रामर होता डिलन कथबर्ट हा इंग्रज तरुण. जानेवारी १९९५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात खेळ लोकांना दाखवलाही गेला.

पण तोवर जपानात प्लेस्टेशन आणि सॅटर्न ही नवी यंत्रे विकली जाऊ लागली होती. त्यांच्यापुढे जुन्या यंत्रावरचा हा खेळ फिका पडेल, शिवाय घरचे नवे यंत्रही येऊ घातले आहे, असा हिशेब झाला. आणि जवळजवळ पुरा झालेला खेळ कपाटात गेला. त्यातल्या काही कल्पना १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’मध्ये कामी आल्या.

मात्र खेळ तयार होत असतानाच्या कच्च्या प्रती बाहेर फुटल्या. हौशी मंडळींनी त्या दुरुस्त केल्या, जपानी मजकुराचे इंग्रजी केले. कायद्याच्या दृष्टीने हे गैरच. तरी खेळाचे नाव जागते राहिले ते त्यांच्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली, तिच्यात पुरी प्रत घातली. मात्र पहिल्या ‘स्टार फॉक्स’चा पहिला टप्पा जिंकल्याखेरीज ती उघडत नसे!