गाळलेले नाव : एका प्रवादाचा पूर्वेतिहास

७ जुलै २०२३ रोजी लंडनच्या ‘द सन’ ह्या दैनिकाने एक वृत्त प्रसिद्ध केले. बीबीसीच्या एका सुपरिचित निवेदकाने एका तरुण व्यक्तीला अश्लील छायाचित्रांसाठी पैसे दिले, असा त्या व्यक्तीच्या आईचा आरोप त्यात होता. निवेदकाचे नाव दिलेले नव्हते. त्यानंतरच्या पाच दिवसांची चर्चा वृत्तपत्रीय नीतीच्या अंगाने पुष्कळ झाली. परंतु तो प्रकार मुळात वाचनाचा होता, आणि म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावयास हवी.

नाव गाळून प्रवाद छापण्याची रीत इंग्रजीत जुनी आहे. डेलारिव्हिए मॅन्लीच्या ‘न्यू अटलांटिस’मध्ये (१७०९) राजदरबारातील माणसे कल्पित नावांनी वावरतात, कोणते नाव कोणाचे, हे सांगणाऱ्या ‘किल्ल्या’ मात्र स्वतंत्रपणे छापल्या जात. लेखिकेला अटक झाली, तेव्हा सारे कल्पित असल्याचा बचाव तिने केला आणि ती सुटली. १७६९मध्ये निघालेल्या ‘टाउन अँड कंट्री मॅगझिन’ने ह्या रीतीला मासिक सदराचे रूप दिले. दोन लंबवर्तुळांत एका जोडप्याची चित्रे, खाली आद्याक्षर व रेघ किंवा एखादे टोपणनाव, आणि मग त्यांच्या संबंधांची हकीकत. रेघेमागचे नाव ओळखता येणे हीच तेथे वाचकाची प्रतिष्ठा होती. शेरिडनच्या ‘द स्कूल फॉर स्कँडल’च्या (१७७७) पहिल्याच प्रवेशात ह्या सदराचा उल्लेख येतो, तो असा की ज्यांनी आयुष्यात एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल अशांचीही जोडी त्यात लागलेली आहे. रेघ सत्य झाकते असे वाचक मानत होता. ती असत्यही झाकू शकते, हे नाटककाराने ओळखले होते.

तरीही त्या रेघेला एक उत्तर असे. लिहिणाऱ्याच्या मनात ते ठरलेले असे आणि लंडनच्या एका मर्यादित वर्तुळाला ते ठाऊक असे. २०२३च्या वृत्तातही नाव वृत्तपत्राला माहीत होते. वाचणाऱ्या लक्षावधींना मात्र नव्हते, आणि किल्लीही कोणी छापली नव्हती. वोल्फगांग इझरने १९७६च्या आपल्या ग्रंथात संहितेतील रिक्त स्थानांची जी मीमांसा केली, तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे : वाचक रिक्त जागा भरतो, पण पुढील मजकूर त्याच्या भरण्याला सतत दुरुस्त करीत जातो. वृत्तातील रिक्त जागेला असा पुढील मजकूरच नव्हता. तिला सीमा घालणारी विशेषणे काय ती दोन-तीन : पुरुष, प्रसिद्ध, बीबीसीचा. ह्या वर्णनात बसणारा प्रत्येक जण संभाव्य उत्तर ठरला. नाव गाळण्याने एकाचे रक्षण होते असे आपण समजतो. येथे तो संशय डझनावारी माणसांत वाटला गेला.

ह्याची पूर्वसूचना २०१२मध्ये मिळालेली होती. २ नोव्हेंबरला बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने थॅचरकालीन एका हुजूरपक्षीय नेत्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाचा आरोप नाव न घेता प्रसारित केला. ट्विटरवर लॉर्ड मॅकॅल्पाइन ह्यांचे नाव फिरू लागले. आरोप करणाऱ्याची ओळखण्यात चूक झालेली होती. मॅकॅल्पाइन निर्दोष होते. ह्या प्रकरणात सॅली बर्को ह्यांच्यावर झालेला खटला आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. त्यांनी लिहिले होते ते इतकेच : हे नाव इतके चर्चेत का आहे, असा प्रश्न, आणि पुढे तारकाचिन्हांत, आपला चेहरा निष्पाप असल्याची सूचना. विधान एकही नाही. मे २०१३मध्ये न्यायमूर्ती टुगेन्डहॅट ह्यांनी निर्णय दिला की समंजस वाचक ती निष्पापता उपरोधिकच मानील आणि तो प्रश्न म्हणजे आरोपच होय. व्यंजना शब्दाबाहेर, संदर्भात असते, हे आपल्या काव्यशास्त्राला नवे नाही. पण लंडनच्या न्यायालयाने मूठभर शब्दांच्या मजकुरावर ध्वनिविचार करावा, ह्याची गंमत वाटते खरी.

२०२३मध्ये ह्याची पुढची पायरी गाठली गेली. संशयाच्या वर्तुळात ओढले गेलेले निवेदक एकामागून एक जाहीरपणे सांगू लागले की तो मी नाही. (त्यांची नावे येथे पुन्हा लिहिण्याचे कारण दिसत नाही.) मराठी वाचकाला हे वाक्य ऐकताच अत्र्यांचे १९६२चे नाटक आठवेल. ‘तो मी नव्हेच’ हे आपल्याकडे वाक्प्रचार होऊन बसले ते लखोबा लोखंडेमुळे, म्हणजे खोटे बोलणाऱ्यामुळे. नकार हीच कबुली, असा संकेत त्या उक्तीला कायमचा चिकटला. निरपराध माणसाला तेच वाक्य उच्चारावे लागणे, आणि न उच्चारले तर मौनाचाही अर्थ लावला जाणे, ही त्या पाच दिवसांतील खरी शिक्षा होती. शिवाय प्रत्येक नकाराने यादी आखूड होत गेली. निरपराधांनी स्वतःचा बचाव करताना नकळत उरलेल्यांकडे बोट दाखवले.

१२ जुलैला पत्नीच्या निवेदनातून नाव बाहेर आले : ह्यू एडवर्ड्‌स. सप्टेंबर २०२२मध्ये राणी एलिझाबेथच्या निधनाची वार्ता बीबीसीवरून त्यांनीच दिली होती. मूळ वृत्ताबाबत गुन्ह्याचा पुरावा नसल्याचे पोलिसांनी त्याच दिवशी सांगितले. पुढे जुलै २०२४मध्ये एडवर्ड्‌स ह्यांनी बालकांच्या अश्लील प्रतिमांसंबंधीचे तीन आरोप कबूल केले आणि सप्टेंबरमध्ये त्यांना सहा महिन्यांची, दोन वर्षे स्थगित कैद झाली. ह्यावरून २०२३चा तर्क बरोबर होता, असे म्हणणारे भेटतात. कोणता तर्क? त्या पाच दिवसांत वाचकांनी अनेक नावे भरली होती, आणि शिक्षा झालेले प्रकरण त्या वृत्तातले नव्हतेच.