बाळंतपणातल्या कळा आणि ताप

आज सुरुवात म्हैसूर जिल्ह्यातल्या, कावेरीकाठच्या कृष्णराजनगरपासून करू. समजा, इथली एक पहिलटकरीण बाळंतपणासाठी चाळीसेक किलोमीटरवरच्या म्हैसूरला गेली. तिथे कमरेत, मणक्यांमधून बारीक नळी घालून तिला औषध दिलं. यालाच एपिड्यूरल म्हणतात. कळा शमल्या, पण काही तासांनी अंग तापलं. सोबत आलेली आई घाबरली. या भीतीला मोठा इतिहास आहे.

१८४७ साल. एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीला आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म देऊन वेदना कमी केल्या. त्याच वर्षी व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. तिथल्या पहिल्या प्रसूती विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनावर आलं. सूतिकाज्वर डॉक्टरांच्याच हातांनी पसरत होता.

आपल्याकडे आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

जंतूंचं ज्ञान झालं, तसा एक नियम पक्का झाला: बाळंतिणीला ताप म्हणजे संसर्ग समजा. या नियमाने असंख्य जीव वाचवले. पण १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एपिड्यूरल घेतलेल्या स्त्रियांचं तापमान हळूहळू चढतं, असं नोंदवलं. १९९७ साली बॉस्टनमध्ये १,६५७ पहिलटकरणींची पाहणी झाली. एपिड्यूरल घेतलेल्यांपैकी १४.५ टक्के स्त्रियांना ताप आला, न घेतलेल्यांपैकी १ टक्क्याला. त्यांच्या बाळांच्या जंतुसंसर्गाच्या तपासण्याही जास्त झाल्या: ३४ टक्के विरुद्ध ९.८ टक्के.

मग नळीतून जंतू शिरले का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आधीच प्रतिजैविक देऊन पाहिलं, तरी ताप कमी झाला नाही. म्हणजे यातला बराचसा ताप जंतूंविना होणाऱ्या दाहाचा आहे.

अडचण अशी, की थर्मामीटर दोन्ही तापांना एकच आकडा दाखवतो. म्हणून 'हा एपिड्यूरलचाच असेल' म्हणून ताप सोडून द्यायचा नाही. पाणमोट कधी फुटली, बाळाचे ठोके कसे आहेत, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. आणि तापाच्या धास्तीने कळा सोसत राहा, असंही बाईला सांगायचं नाही. नळी घालण्याआधीच तिला आणि तिच्या आईला तिच्या भाषेत, कन्नड असो वा मराठी, एवढं सांगावं: ताप येऊ शकतो, आला तर आम्ही तपासू.

१८४७ मध्ये कळा आणि ताप यांच्यावरचे उपाय वेगवेगळ्या शहरांत सापडले. आज दोन्ही प्रश्न एकाच खाटेवर असतात, आणि दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं.