मुरुडचा बहिष्कार

ता. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. वर फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक. वधू देवरुखची, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेली. १८५६ च्या कायद्यानें असा विवाह सदतीस वर्षांपूर्वींच मोकळा केला होता. तथापि सरकारचा कायदा एक व गांवाचा कायदा दुसरा. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड हें कर्व्यांचें गांव. तेथील ब्रह्मवृंदानें सभा भरवून त्यांजवर बहिष्कार घातला, आणि त्यांच्याशीं व्यवहार ठेवणाऱ्या घरालाहि तीच शिक्षा ठरविली. ज्या गांवाच्या हितासाठीं कर्व्यांनीं पूर्वीं फंड जमविला होता, त्याच गांवाचें दार त्यांस बंद झालें.

बहिष्काराचें मर्म असें कीं, त्याचा घाव अपराधी ठरविलेल्या मनुष्यापेक्षां त्याच्या माणसांवर अधिक बसतो. पुण्यास कर्व्यांची नोकरी होती, सुधारक मित्र होते. मुरुडास मात्र आईला आपला मुलगा घरीं घेण्याची चोरी झाली.

परंतु गांवकऱ्यांस केवळ दुष्ट ठरवून मोकळें होणें इतिहासास शोभत नाहीं. समुद्रकांठच्या लहान गांवांत लग्न, श्राद्ध, अंत्यविधि हें सर्व एकमेकांच्या हातांनींच पार पडावयाचें. ही साखळी तुटेल, ही त्यांची भीति अगदींच पोकळ नव्हती. अन्याय होता तो निराळाच. साखळी टिकविण्याचा सारा भार, जिला कोणीं विचारलेंहि नाहीं अशा बालविधवेच्या माथीं ठेवला होता.

कर्व्यांनीं याचें उत्तर शब्दांनीं फारसें दिलें नाहीं. १८९३ सालीं स्थापलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचें नांव पुढें विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असें झालें. हा भेद लहान नव्हे. विवाह कर, असा आग्रह नाहीं. करूं इच्छिणारीस अडवूं नका, एवढीच मागणी. १८९६ सालीं त्यांनीं अनाथबालिकाश्रम काढला आणि पुनर्विवाहाची चळवळ त्यापासून अलग ठेवली. कित्येकांस ही माघार वाटली असेल. वस्तुतः स्वतःच्या पायांवर उभें राहिल्यावांचून निवड करण्याचा अधिकार हा कागदावरच राहतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. हिंगण्याच्या माळावर आश्रम वाढला; १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें; आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, राष्ट्रानें त्यांस भारतरत्न ही पदवी दिली.

बहिष्कार मात्र मेला नाहीं. मुंबई सरकारचा १९४९ चा बहिष्कारबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं रद्द केला. त्याच वर्षीं कर्वे निवर्तले. महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुनः कायदा करावा लागला.

समाजानें व्यक्तीपाशीं श्रम मागावे, पैसा मागावा, शिस्तहि मागावी. कर्व्यांनीं तें सर्व दिलें, आणि त्यांच्या पत्नीनें, आनंदीबाईंनीं, तितकेंच सोसलें. परंतु एकीच्या आयुष्याचें मोल देऊन इतरांनीं आपली अब्रू विकत घ्यावी, हा समाजहिताचा सौदा नव्हे. मुरुडच्या सभेनें हाच सौदा धर्म समजून केला होता. आणि पुढें भरलेल्या तशा प्रत्येक सभेनेंहि तेंच केलें.